फिरत्या कपाटातली साडी

मी बहिणींची हक्कसोडपत्रं लिहीत नाही. तालुक्याच्या नोंदणी ऑफिसासमोर कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. सत्तावीस वर्षं दस्त लिहिते आहे. टेबलावरच्या पुठ्ठ्यावर खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, भाडेपट्टा असं सगळं आहे, हक्कसोडपत्र नाही. भाऊ येतात, सोबत बहिणीला आणतात. बहिणीच्या हातात पिशवी असते आणि पिशवीत नवी साडी. रीतच आहे ती. बहिणीनं बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडायचा आणि भावानं तिला साडीचोळी करायची. मी पिशवीकडे बघते आणि म्हणते, पलीकडच्या टेबलावर जा. तिथला लेखनिक मला 'धंद्याला लाथ मारणारी बाई' म्हणतो. मारते. पाय माझा, धंदाही माझाच.

मला स्वतःला ती साडी बाविसाव्या वर्षी मिळाली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. बोरी अरबच्या आमच्या वावराचा कागद करायचा म्हणून भाऊ मला सासरहून घेऊन गेला. आंबा रंगाची साडी, हिरवे काठ. सही कुठे करायची तिथे त्यानं बोट ठेवलं, मी केली. कागदात लिहिलं होतं की मी हे राजीखुशीने, अकलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून देत आहे. हे मला नंतर कळलं, कारण तेव्हा मी तो वाचलाच नव्हता. सगळे म्हणाले, पोरीनं माहेर राखलं. आठ वर्षांनी नवरा अपघातात गेला. सासरी कुणी ठेवून घेईना म्हणून बॅग घेऊन माहेरी आले, तर चौथ्या दिवशी भाऊच म्हणाला, "तुह्यं इथं काय हाये आता?" खरंच होतं. माझ्याच सहीनं काही नव्हतं. तेव्हापासून एकही कागद न वाचता हातातून सोडला नाही. ती साडी मी एकदाही नेसले नाही आणि टाकूनही दिली नाही. पेटीच्या तळाशी पडून होती.

त्या वेळी मला हात दिला तो शाळेतल्या मैत्रिणीनं. तिचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. शिक्षण झाल्यावर ती कार्मेल नावाच्या संन्यासिनींच्या संघाची सिस्टर झाली, जिल्ह्यातल्याच एका शाळेत गणित शिकवायला लागली. पांढरा झगा घालून स्कूटी चालवायची आणि फी थकली म्हणून मुलीला घरी बसवणाऱ्या बापांशी रस्त्यात भांडायची. तिनं मला शाळेच्या वसतिगृहात कामाला लावलं. दोन वर्षं मी त्या सिस्टरांच्या आवारात राहिले. खिडकीत माझा गणपती होता आणि त्याला जास्वंद त्यांच्याच बागेतली. देव बदल, असं मला कुणी कधी म्हटलं नाही. आमचे नातेवाईक मात्र अजून म्हणतात की मी तिथे बाटले. म्हणोत बापडे. उपाशी होते तेव्हा यांतल्या कुणी शिळी भाकरही विचारली नव्हती.

तर अशी ही मैत्रीण तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलाशी आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी बंद मठात जाऊन राह्यली."

मला वाटलं हिला बदली मिळाली. मग तिनं समजावून सांगितलं, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. कार्मेल म्हणजे सगळं एक नाही. एक जुन्या रीतीची शाखा आहे, आमच्या भागात फारशी कुणाला माहीत नसलेली. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका संन्यासिनीला वाटलं की मठांत फार सैलपणा आलाय, आठ दिवस पाहुणे काय, गप्पा काय. म्हणून तिनं कडक शाखा काढली, तिला अनवाणी शाखा म्हणतात. त्यातल्या बाया मठाच्या भिंतीआड राहतात, प्रार्थना करतात, हातांनी काम करतात, बाहेर येत नाहीत. आणि हिच्यासारख्या शाळा-दवाखाने चालवणाऱ्या शाखा पुष्कळ नंतरच्या. त्यात पुन्हा अनवाणींमध्येही नियमांची दोन पुस्तकं. कुठल्या मठात भेटीच्या खोलीत लोखंडी गज आणि त्यावर पडदा, तर कुठे नुसते लाकडी गज, हात घालता येईल एवढे.

"म्हणजे माहेर एक अन् लेकी नांदल्या वेगवेगळ्या घरी," मी म्हटलं.

"तसंच समज."

"अन् तू नांदतं घर सोडून कोठीच्या खोलीत जाऊन बसशीन."

ती हसली. मला हसू आलं नाही. सणकून राग आला. तीसेक वर्षं गणित शिकवणारी बाई, जिच्या हाताखालून निम्म्या तालुक्याच्या पोरी गेल्या, ती आता गजाआड बसून काय करणार? हा राग मी तिला तोंडावर सांगितला आणि वर हेही सांगितलं की मला हात दिला तो बाहेर फिरणाऱ्या शाखेनं, बंद दारानं नाही. ती म्हणाली, "भेटाले येजो." एवढंच.

मठ आमच्याच तालुक्यात निघाला. राळेगावकडे जाणाऱ्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांतून दोन किलोमीटर चालायचं. महिन्यातून एक भेट, तीही आधी कळवून. नाताळाच्या आधीचे आणि ईस्टरच्या आधीचे आठवडे तर भेट बंदच. पहिल्यांदा मी ऑक्टोबरात गेले. तिनं चिठ्ठीत लिहिलं होतं की सप्टेंबरच्या मध्यापासून ईस्टरपर्यंत त्यांचा उपास असतो. मी आपली आदल्या दिवशी साबुदाण्याचे वडे तळले, शेंगदाण्याचे लाडू वळले, भगरीचं पीठ घेतलं आणि तीन डबे वाहून नेले. दारात एक सिस्टर होती. मठाची पण भिंतीच्या बाहेर राहणारी, बाजारहाट करणारी, अशी एक असते. तिनं डबे उघडून पाहिले आणि तोंडावर हात ठेवला.

भेटीच्या खोलीत सागवानी गज होते, वीतभर अंतरावर. पलीकडून मैत्रीण आली. तपकिरी झगा, डोक्यावर पांढरा रुमाल. "अवो, आमच्या उपासाले पोळी-वरण चालते," ती म्हणाली. "मटण-कोंबडी तर बाराही महिने बंद. पण उपास म्हणजे एकदाच पोटभर जेवाचं, बाकी दोन टाइम थोडंसं. काय खाल्लं ते पाहत नाही, किती खाल्लं ते पाहतात."

"अन् साबुदाणा?"

"चालते. पण तीन डबे नाही."

आमची एकादशी आणि दुप्पट खाशी. मी ओशाळले आणि ओशाळल्यावर मी भांडते, म्हणून तिच्या पायांकडे बोट दाखवलं. "अनवाणी म्हणवता अन् पायात चप्पल!" तर म्हणे त्या काळी जोडे न घालता दोरीच्या वहाणा घालायच्या म्हणून ते नाव पडलं. नावात एक आणि पायात एक, मी म्हटलं. डबे आत गेले ते भिंतीतल्या फिरत्या कपाटातून. लाकडी पिंपासारखं असतं ते, एक बाजू उघडी. इकडून ठेवायचं, फिरवायचं, तिकडून घ्यायचं. देणाऱ्याला घेणारी दिसत नाही. थोड्या वेळानं ते परत फिरलं आणि माझे डबे धुऊन आले. एकात पातळ पापडीचे कातरलेले तुकडे होते. त्यांच्या प्रसादाच्या गोल पापड्या त्या मठातच करतात, त्यांच्या कडा. रिकामा डबा परत देऊ नये हे तिच्या अजून ध्यानात होतं. परतीच्या एसटीत मी ते सगळे तुकडे खाऊन टाकले, रागारागानं.

अशा भेटी होत राहिल्या. माझा राग काही गेला नाही, पण मी जायचं चुकवलंही नाही.

यंदा जूनमध्ये ती म्हणाली, "एक दस्त लिहून दे."

तीन वर्षांची तिची परीक्षा संपत आली होती, दसऱ्याच्या सुमाराला कायमचं व्रत होतं. आणि दोन शाखांमधला खरा फरक मला तेव्हा कळला. झगा नाही, गज नाहीत, उपास नाही. शाळेच्या शाखेत सिस्टरला जमीन स्वतःच्या नावावर ठेवता येते, फक्त तिचा उपभोग घ्यायचा नाही. नाव तुमचं, पीक तुमचं नाही. बंद मठात कायमचं व्रत घ्यायचं तर नावसुद्धा ठेवता येत नाही. व्रताआधी सगळं कुणाला तरी देऊन टाकायचं आणि तेही सरकारी कायद्यात बसेल असं. कागद नाही तर व्रत नाही. हिच्या बापाचं सहा एकर वावर होतं, सातबारावर भाऊ आणि ती, दोघांची नावं.

"भावाच्या नावानं हक्कसोड लिही," ती म्हणाली.

"मी लिवत नाही. तुले माहीत हाये."

"माहीत हाये म्हून तर तुले सांगून राह्यली. दुसऱ्याच्या हातचा कागद मले नाही पाह्यजे."

"मठाले नाही द्याची?" गावात तीच कुजबुज होती, मठवाले जमीन गिळतील म्हणून. मलाही शंका होती आणि मी ती गिळणारी नाही.

"मदर म्हणते, हाये तेच वावर निंदाले हात नाहीत. सात जणी आम्ही, त्यात दोघी ऐंशीच्या."

"मंग भाऊ साडी आणीन तुह्यासाठी. कुठं नेसशीन? ह्या झग्यावर?" देव कोणताही असो, बहिणीच्या वाट्याची साडी सगळ्यांकडे सारखीच.

"मी भावासाठी नाही सोडून राह्यली. देवासाठी सोडून राह्यली."

"देवाचं नाव नाही चढत सातबारावर. भावाचंच चढते." माझा आवाज वाढला होता. "तो नोकरीवर. वावर त्यानं कधी पाह्यलं? तिथं तीस वर्सं राबते कोण?"

ती म्हणाली, "वहिनी," आणि घंटा वाजली. घंटा झाली की हातातलं काम, तोंडातलं बोलणं तिथेच टाकून उठायचं असा त्यांचा नियम. ती अर्ध्या वाक्यात उठून निघून गेली आणि मी गजांकडे बघत बसले. माझ्या नकारावर तिचं सगळं आयुष्य अडलं होतं हे मला कळत होतं. तरी फाट्यावर उभं राहून मी ठरवलं की लिहायचं नाही. अडू दे.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. "तू विचारलंस ते डोक्यातून जात नाही. आम्ही रोज दोन तास मुकाट बसतो, तर त्यात मला देवाऐवजी वहिनीचे हात दिसतात. तिचं नाव टाक. हक्कसोड नको, बक्षीसपत्र कर. आता लिहिशील?"

मी त्याच दुपारी लिहायला घेतलं.

बक्षीसपत्राला घेणाऱ्याची मान्यता लागते, म्हणून वहिनीला सांगणं भाग होतं. गेले तेव्हा ती पऱ्हाटीत निंदत होती. विळा हातातच ठेवून तिनं ऐकलं. "माह्यं नाव? कायले?" मग वावराच्या धुऱ्याकडे बघत म्हणाली, "ह्यायले सांगतलं का?" मी नाही म्हटलं. ती पुन्हा निंदायला वाकली. चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर तिच्या आधार कार्डाचा फोटो आला, पुढून आणि मागून. सोबत एक शब्द नाही. मैत्रिणीच्या भावाला मी सांगितलं की वहिनीची सही लागते, सोबत आणा. अर्धं खोटं होतं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

राहिला प्रश्न बाहेर न येणाऱ्या बाईनं ऑफिसात कसं यायचं. सरकारी कामासाठी मठातून सोडतात, मतदानाला त्या जातातही. पण मला वाटलं, ज्या बाईनं तीन वर्षं उंबरा ओलांडला नाही तिला मी माझ्या टेबलासमोरच्या गर्दीत का उभी करू? नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो. साहेब तरुण होते, म्हणाले, "ते आजारी माणसांसाठी असतं हो, बाई. ह्या तर चांगल्या चालत्याफिरत्या आहेत." मी नियमातला 'विशेष कारण' हा शब्द त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोनदा वाचला आणि हात जोडले. "तुमच्याशी कोण वाद घालणार?" त्यांनी वाद सोडला, यातच आमचं हित होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे त्या भेटीच्या खोलीत बसलो. साहेबांनी लॅपटॉप उघडला, अंगठ्याचं यंत्र वायर ओढून गजांतून आत दिलं. मैत्रिणीचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. फोटोत मात्र दोन्ही बाजूंनी गज येत होते. "चेहरा थोडा पुढे घ्या, सिस्टर," साहेब म्हणाले. तिनं दोन गजांच्या मधोमध चेहरा आणला तरी फोटो तुरुंगातल्यासारखाच आला. ती पाहून खदखदून हसली, शेजारी बसलेल्या मठप्रमुख मदरही हसल्या. भाऊ कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पिशवीतून नव्या साडीचा कागद दिसत होता.

मग साहेबांनी दस्त वाचायला घेतला. "राजीखुशीने, अकलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता..." आणि घेणाऱ्याच्या जागी वहिनीचं नाव आलं.

भाऊ उठून उभा राहिला. "हे काय? मले तं हक्कसोड सांगतलं होतं."

"दादा, सोडलाच ना मी हक्क," गजांमागून मैत्रीण म्हणाली. "कोणाले द्याचा ते मीच ठरवलं."

त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी सहन केलं, तसं पाहणारे मी रोज पाहते. मग तो बायकोकडे वळला. "चाल. ऊठ."

वहिनी उठली नाही, पण मानही वर केली नाही. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला हे बक्षीस मान्य आहे का?" तिनं एकदा नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. सहा एकरांतलं तिचं अर्धं गेलं असतं आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच निंदायला वाकली असती. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी एक शब्द बोलले असते तर तो दबाव झाला असता आणि मीच लिहिलेलं वाक्य खोटं पडलं असतं. मी जीभ दातांत धरली. आतून घंटा वाजली. मैत्रिणीनं मदरकडे पाहिलं, मदरनं 'बस' म्हणून मान हलवली, आणि दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"मान्य हाये," वहिनी म्हणाली.

"जरा मोठ्यानं."

"मान्य हाये म्हणतो ना!"

तिचा अंगठा यंत्राला लागेना. निंदून निंदून रेषाच झिजलेल्या. एकदा, दोनदा, तीनदा. भाऊ म्हणाला, "पाहा, मशीन बी नाही म्हणते." तिनं पदरानं बोटं पुसली, दुसऱ्या हाताचं मधलं बोट दाबून धरलं आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला. माझे डोळे भरून आले, लपवायचं कशाला?

भाऊ पिशवी घेऊन दाराकडे निघाला. वहिनीनं उठून त्याच्या हातातून पिशवी घेतली. ओढली नाही, नुसती घेतली. "साडी हाये ना ह्यात? ज्याले जमीन भेटते त्यानं बहिणीले साडी द्याची. मंग हे मी देतो." तिनं साडी बाहेर काढली, कागद काढून घडी नीट केली, फिरत्या कपाटात ठेवली आणि स्वतःच्या हातानं ते फिरवलं. पलीकडून मैत्रिणीचा आवाज आला, "भेटली, वहिनी."

दसऱ्याच्या आठवड्यात तिचं व्रत झालं. मी गेले होते. राग आहे तसाच आहे, मी अजूनही म्हणते की ती बाहेर हवी होती. तिला तसं सांगितलं, ती म्हणाली, "सांगत राह्यजो." त्यांच्या देवघरातल्या वेदीवर नवं कापड होतं, त्याचे काठ मी ओळखले.

भाऊबीजेला मी बोरी अरबला गेले. भावाला ओवाळलं. तो ओवाळणी टाकायला वाकला, तर मी पेटीच्या तळातून आणलेली आंबा रंगाची साडी ताटाशेजारी ठेवली. हिरवे काठ घडीवर फाटले होते.

"हे काय वो?" तो म्हणाला.

"तुही साडी. वापस घे."

"आता कायले? सदतीस वर्सं झाली."

"ह्यानं कागदात काही बदलत नाही, मले पक्कं माहीत हाये. तेच काम करतो मी," मी म्हटलं. "पण आजपासून कोणाले सांगू नको, का मी राजीखुशीनं देल्लं."